तंबाखूचा कर आपण जकातीतून फेडतो

रमजान सुरू झाला की आमच्या मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मदतीचे मेसेज वाढतात. कुणाच्या मुलीची फी, कुणाचं गळकं छप्पर, कुणाचं डायलिसिस. या वर्षी मी आजारपणाचे मेसेज वेगळे काढून एकदा सलग वाचले. त्यातल्या बऱ्याच मेसेजमध्ये थोड्याफार फरकाने एकच मजकूर होता. तोंडाचा किंवा घशाचा कॅन्सर, टाटाला ऑपरेशन ठरलंय, घरात कमावणारा एकटाच, जकात-सदक्यातून मदत करा. खाली बँक खात्याचा नंबर. एका मेसेजसोबत केसपेपरचा फोटो होता आणि सवयीच्या रकान्यात डॉक्टरांनी लिहिलं होतं: तंबाखू, वीस वर्षं.

मी पैसे पाठवले. तुम्हीही पाठवले असतील. पण त्याच फेब्रुवारी महिन्याच्या 1 तारखेपासून देशात तंबाखूवरचे नवे कर लागू झाले, तेव्हा याच ग्रुपवर काय आलं होतं? सिगारेट किती महागली यावरचे विनोद, आणि सरकार गरिबाचा एक झुरकाही सोडत नाही अशा अर्थाचा एक फॉरवर्ड. त्यावर मीही हसण्याचा इमोजी टाकला होता. दोन आठवड्यांनी त्याच बोटाने मी कॅन्सरच्या मेसेजवर पैसे पाठवले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे माझ्या लक्षात यायला इतका वेळ लागला.

माझं म्हणणं सरळ आहे. तंबाखूवरचा कर वाढला पाहिजे. तो सिगारेटवर थांबता कामा नये. बिडीवर तो वाढला पाहिजे आणि खाण्याच्या तंबाखूवर तो खरोखर वसूल झाला पाहिजे. आणि त्या पैशाचा हिशेब मागणं हे आपलंच काम आहे, कारण आज तो पैसा आपण भरत नाही असं आपल्याला वाटतं, पण भरतो. जकातीतून, कर्जातून, बायकांच्या मोडलेल्या बांगड्यांतून.

नव्या करात काय आहे

आधी गोष्ट नीट समजून घेऊ. 3 सप्टेंबर 2025 च्या बैठकीत जीएसटी परिषदेने करांचे टप्पे बदलले. सिगारेट, जर्दा, खाण्याचा तंबाखू, पान मसाला यांना 28 टक्क्यांवरून 40 टक्क्यांत टाकलं. बाकी वस्तूंचे दर 22 सप्टेंबरला बदलले, तंबाखूचे मात्र थांबवले. कारण कोविडच्या काळात राज्यांना भरपाई देण्यासाठी केंद्राने कर्ज काढलं होतं आणि ते ज्या भरपाई उपकरातून फेडलं जात होतं, त्यात तंबाखूचा मोठा वाटा होता. ते कर्ज मिटेपर्यंत जुनी व्यवस्था चालू राहिली. डिसेंबरमध्ये संसदेने उत्पादन शुल्काचा कायदा दुरुस्त केला आणि 1 फेब्रुवारी 2026 पासून भरपाई उपकर जाऊन त्या जागी उत्पादन शुल्क आलं. सिगारेटवर ते लांबीनुसार हजार कांड्यांमागे 2,050 पासून 8,500 रुपयांपर्यंत आहे. म्हणजे एका सिगारेटमागे साधारण दोन रुपयांपासून साडेआठ रुपयांपर्यंत, वर 40 टक्के जीएसटी.

इथपर्यंत ठीक. पण त्याच निर्णयात एक गोष्ट उलट्या दिशेने झाली आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. बिडीवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्के करण्यात आला. तेंदूपत्त्यावरचा 18 वरून 5 टक्के झाला. बिडीवर भरपाई उपकर आधीही नव्हता आणि उत्पादन शुल्क हजारामागे नाममात्र आहे. साधा हिशेब करा. वीस रुपयांच्या बिडी बंडलात आधी साधारण चार रुपये चाळीस पैसे कर होता, आता तीन रुपयांच्या आसपास आहे. म्हणजे किमतीतला कराचा वाटा 22 टक्क्यांवरून 15 टक्क्यांवर आला. जागतिक आरोग्य संघटना सांगते की तंबाखूच्या किरकोळ किमतीत निदान 75 टक्के वाटा कराचा असावा. सिगारेट तिकडे थोडी सरकली. बिडी तिच्यापासून आणखी लांब गेली.

बिडीच्या धुरात सिगारेटपेक्षा कमी विष असतं असा एक गैरसमज आपल्याकडे आहे. पानात गुंडाळलेली, कागद नाही, म्हणजे देशी आणि साधी. प्रत्यक्षात बिडी विझू नये म्हणून ती जोरात आणि सारखी ओढावी लागते, त्यामुळे धूर छातीत जास्त जातो. कर कमी ठेवण्याचं कारण प्रकृती असूच शकत नाही. कारण वेगळं आहे, त्याकडे पुढे येतो.

रत्नागिरीत कोण काय खातं

प्रौढांच्या तंबाखू सेवनाचं 2016-17 चं राष्ट्रीय सर्वेक्षण महाराष्ट्राबद्दल सांगतं की राज्यातले 26.6 टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते. त्यात ओढणारे, म्हणजे सिगारेट आणि बिडी मिळून, फक्त 3.8 टक्के. बिनधुराचा तंबाखू वापरणारे 24.4 टक्के. बायकांमध्ये ओढणाऱ्या 1.4 टक्के, पण खाणाऱ्या किंवा लावणाऱ्या 16.6 टक्के, म्हणजे दर सहा बायकांमागे एक.

हे आकडे वाचून मला आश्चर्य वाटलं नाही. मिरकरवाडा बंदरावर पहाटे जाऊन बघा. समुद्रावर वाऱ्यात बिडी टिकत नाही, जाळं ओढताना हात मोकळे लागतात. खलाशी तळहातावर तंबाखू-चुना मळतो आणि बार भरतो. झोप येत नाही, भूक मरते, असं तो सांगतो, आणि ते खरंही आहे. आंब्याच्या बागेत राखण करणाऱ्या गड्याचं तेच, ट्रक ड्रायव्हरचं तेच. कॉलेजच्या पोरांच्या खिशात पुडी असते.

आणि घरात मशेरी. माझी नानी सकाळी उठून तव्यावर तंबाखूची पानं भाजायची, कुस्करून डबीत भरायची. दात घासणं हे निमित्त. दिवसातून चार-पाच वेळा बोट डबीत जायचं. आम्हा नातवंडांना तो वास घराचा वास वाटायचा. नानीला तुम्ही तंबाखू खाता का असं विचारलं असतं तर तिने तोबा तोबा केलं असतं. मशेरी म्हणजे तंबाखू हे तिच्या हिशेबातच नव्हतं.

त्यामुळे सिगारेट महागली ही बातमी आपल्या जिल्ह्यातल्या फार थोड्या लोकांची बातमी आहे. खाण्याच्या तंबाखूवर कागदावर कर भरपूर आहे, पण वाण्याकडून सुटी पानं घेताना बिल कोण मागतं? पुडीवर छापील किंमत, टपरीवर वेगळी किंमत, आणि मधला कर कुणी भरला की नाही हे कुणालाच ठाऊक नाही. सरकारलाही हे कळतं. म्हणूनच नव्या नियमांत खाण्याचा तंबाखू आणि जर्दा यांवरचं शुल्क कारखानदाराने सांगितलेल्या उत्पादनावर न लावता पॅकिंग मशीनच्या क्षमतेवर लावलं आहे. मशीन किती, एका मिनिटात पुड्या किती, त्यावरून कर. मी संगणकावर काम करणारा माणूस आहे. जिथे आलेली माहिती विश्वासार्ह नसते तिथे आम्हीही अशीच दुसरीकडून मोजणी करतो. पण मशीन मोजायला माणूस प्रामाणिकपणे गेला तरच ती मोजणी खरी. आणि तव्यावर भाजलेल्या मशेरीपर्यंत कुठलंच मशीन पोहोचत नाही. तिथे पोहोचायचं तर सुट्या पानांचा व्यापारच बिलावर आणावा लागेल.

गरिबावर भार पडेल त्याचं काय

हा आक्षेप खोटा नाही, म्हणून त्याला टाळून पुढे जाणार नाही. श्रीमंत माणसाला दहा रुपये वाढले तर फरक पडत नाही, मजुराला पडतो. पण याच वाक्यात त्याचं उत्तर आहे. फरक पडतो म्हणूनच मजूर कमी करतो. आपल्यासारख्या देशांत किंमत दहा टक्के वाढली की खप साधारण पाच टक्के घटतो, असा जागतिक अनुभव आहे. भारतातल्या अभ्यासांत सिगारेट ओढणाऱ्यापेक्षा बिडी ओढणारा किमतीला जास्त प्रतिसाद देतो असं आढळलं आहे. आणि सगळ्यात जास्त प्रतिसाद देतात ती पंधरा-सोळा वर्षांची पोरं, ज्यांची सवय अजून पक्की झालेली नाही आणि खिशात मोजके पैसे आहेत. सुटी सिगारेट आणि सुटी बिडी विकायला महाराष्ट्राने सप्टेंबर 2020 मध्ये बंदी घातली ती याचसाठी. ती बंदी टपरीवर कशी पाळली जाते हे तुम्ही रोज बघता.

आता दुसरी बाजू. माझा मामू ट्रॉलरवर तांडेल होता. वयाच्या बावन्नाव्या वर्षी त्याच्या गालात आतून एक चट्टा आला. एका डॉक्टरने तीन महिने मलम दिलं. तोंडात दोन बोटंही जाईनात तेव्हा कुणीतरी तपासणी करा म्हणालं. मग रात्रीच्या गाडीने मुंबई आणि परळ. टाटा हॉस्पिटलसमोरच्या फूटपाथवर चटई टाकून बसलेली कुटुंबं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. तिथे उपचार स्वस्त असले तरी राहणं, खाणं, येणं-जाणं, बुडालेला हंगाम हे कुठल्याच योजनेत बसत नाही. मामीने बांगड्या मोडल्या, दोन भाचरांनी शिक्षण सोडून बोटीवर काम धरलं, मशिदीतून दोनदा मदत झाली. मामू दीड वर्ष जगला. तंबाखूच्या पुडीवर त्याने आयुष्यभर जेवढा कर दिला असेल, त्याच्या कितीतरी पट रक्कम त्या दीड वर्षात गेली, आणि ती सगळी गरिबाच्याच घरातून गेली.

देशपातळीवरही चित्र तेच आहे. 2017-18 च्या हिशेबाने तंबाखूमुळे होणारे आजार आणि अकाली मृत्यू यांचा आर्थिक भार सुमारे 1 लाख 77 हजार कोटी रुपये होता. वर्षाला साडेतेरा लाखांच्या आसपास माणसं तंबाखूमुळे दगावतात. म्हणजे गरिबावर भार नको म्हणून कर कमी ठेवला तरी भार टळत नाही. तो उशिरा येतो, एकदम येतो आणि एकाच घरावर येतो.

तरीही एक गोष्ट मान्य केली पाहिजे. किंमत वाढूनही जो सोडू शकणार नाही तो मुलांच्या दुधातून पैसे काढेल. अशा माणसासाठी नुसता कर ही शिक्षाच आहे. सोडायला मदत करणारी व्यवस्था कराबरोबरच आली पाहिजे. 1800-11-2356 हा तंबाखू सोडण्यासाठीचा राष्ट्रीय मोफत फोन नंबर पुडीवर छापलेला असतो, पण तो कुणी लावल्याचं मी आमच्या मोहल्ल्यात ऐकलेलं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात निकोटीनचा च्युइंगम मागून बघा.

मग सरळ बंदीच का नको

धार्मिक मित्र हे हमखास विचारतात. वाईट आहे तर बंद करा, कर घेऊन सरकारने पापात भागीदार कशाला व्हायचं? सरकारच्या दुटप्पीपणाबद्दल ते चुकीचं बोलत नाहीत. देशातल्या सर्वात मोठ्या सिगारेट कंपनीत, आयटीसीमध्ये, सरकारी एलआयसीचा सुमारे 15 टक्के वाटा आहे.

पण बंदीचा अनुभव आपण घेऊन चुकलो आहोत. महाराष्ट्राने 2002 मध्ये गुटखाबंदी केली, ती 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. मग अन्न सुरक्षा कायद्याखाली जुलै 2012 मध्ये पुन्हा बंदी आली आणि ती दरवर्षी वाढवली जाते. चौदा वर्षं होत आली. गुटखा मिळायचा थांबला का? पान मसाल्याची एक पुडी आणि तंबाखूची एक पुडी अशी जोडी आली, घेणारा हातावर मिसळतो. खरा गुटखा परराज्यातून येतो, जास्त दराने विकला जातो आणि त्यातला एक पैसाही सरकारच्या तिजोरीत जात नाही. गोण्या वाहणारं आणि गोदामावर झोपणारं पोरगं मात्र पकडलं जातं. ते पोरगं अनेकदा आपल्याच मोहल्ल्यातलं असतं, बारावी नापास, दिवसाला मिळेल ते कमावणारं. मालकाचं नाव बातमीत येत नाही.

आपल्या इतिहासातही हा धडा आहे. पोर्तुगीजांनी आणलेला तंबाखू या किनाऱ्यावरून दख्खनमध्ये शिरला. आपलं दाभोळ तेव्हा आदिलशाहीचं बंदर होतं. त्याच आदिलशाहीच्या राजधानीतून, विजापूरहून, असद बेग नावाच्या सरदाराने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला अकबर बादशाहसाठी तंबाखू आणि सजवलेली चिलीम नेली. हकिमांनी विरोध केला, बादशाहने दोन-तीन झुरके घेतले आणि दरबारात चाल पडली. अकबराचा मुलगा जहांगीर याने 1617 मध्ये तंबाखूवर बंदीचं फर्मान काढलं. फर्मान इतिहासात राहिलं, हुक्काही राहिला.

फतव्यांचंही तसंच आहे. कुणी मकरूह म्हणतं, कुणी हराम म्हणतं. स्वतःला इजा करू नये आणि दुसऱ्यालाही करू नये हे तत्त्व सगळ्यांनाच मान्य आहे. पण जुम्याची नमाज संपली की मशिदीच्या कोपऱ्यावरच्या टपरीवर जी गर्दी होते, ती या सगळ्या मतांसकट होते. मी उलेमांना दोष देत नाही. एवढंच म्हणतो की चारशे वर्षं हुकूम आणि उपदेश करून जे झालं नाही ते किमतीने काही प्रमाणात होतं, आणि ते मोजता येतं.

ज्या देशांत आपली माणसं कामाला आहेत त्यांनीही हेच केलं. सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिरातीने 2017 मध्ये तंबाखूवर 100 टक्के उत्पादन कर लावला, म्हणजे मूळ किमतीइतकाच कर. आखातात काम करणारा माझा चुलतभाऊ तिथे सिगारेट मोजून ओढतो. गावी येताना मात्र विमानतळावरच्या करमुक्त दुकानातून दोस्तांसाठी पाकिटं घेऊन येतो. कर काय करतो आणि कर नसला की काय होतं, हे दोन्ही त्याच्या एका बॅगेत दिसतं.

बिडी वळणाऱ्या बायकांचं काय

बिडीवर कर कमी ठेवण्याचं कारण म्हणून नेहमी कामगार पुढे केला जातो. देशात नोंदणी झालेले बिडी कामगार सुमारे 50 लाख आहेत आणि त्यात बहुसंख्य बायका आहेत. सोलापूर, सिन्नर, संगमनेर, आणि सीमेपलीकडे निपाणी. त्यात मुस्लिम बायकाही मोठ्या संख्येने आहेत, कारण घरात बसून करता येतं असं हे काम आहे. हजार बिड्यांवर मजुरी, खराब म्हणून बाजूला काढलेल्या बिड्यांचे पैसे नाहीत, दिवसभर तंबाखूची धूळ नाकातोंडात, मांडीवर सूप आणि शेजारी मूल.

इतकी वर्षं बिडीवरचा कर सिगारेटच्या तुलनेत नगण्य होता. त्या सवलतीचा पैसा या बाईच्या हातात पडला असता तर तिच्या मुलीही आज सूप घेऊन बसल्या नसत्या. सवलत कारखानदाराला मिळते, नाव कामगाराचं होतं.

शेतकऱ्याचंही तसंच. 1981 मध्ये निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडलं होतं. मागणी होती रास्त भावाची. 6 एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला आणि 12 शेतकरी मारले गेले. तेव्हा शेतकऱ्याला लुटणारा होता तो व्यापारी. आज कराच्या विरोधात शेतकऱ्याचं नाव घेऊन बोलणाऱ्यांनी ही आठवण ठेवावी.

पण खप घटला की कामही घटेल, हे नाकारणं अप्रामाणिक होईल. या बायकांना दुसरा रोजगार मिळेपर्यंत आधार कोण देणार? इथेच मला सर्वात मोठा प्रश्न दिसतो.

पैसा कुठे जातो

1976 मध्ये बिडी कामगार कल्याण उपकराचा कायदा झाला होता. हजार बिड्यांमागे काही रुपये घ्यायचे आणि त्यातून कामगारांसाठी दवाखाने, मुलांना शिष्यवृत्त्या, घरांसाठी अनुदान द्यायचं. रक्कम छोटी होती, कारभारही आदर्श नव्हता, पण ज्या वस्तूवर कर त्या वस्तूने ज्यांचं आयुष्य झिजतं त्यांच्यासाठीच खर्च, हे कायद्यात लिहिलेलं होतं. सोलापुरात नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने सरकारी अनुदान आणि बिडी वळणाऱ्या बायकांचा स्वतःचा वाटा मिळून दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग तिच्या उद्घाटनाला आले होते.

1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि हा उपकर संपला. आता बिडीचा कर इतर सगळ्या करांत मिसळतो आणि कामगारांना काय द्यायचं हे दरवर्षीच्या अर्थसंकल्पावर अवलंबून राहतं.

आपल्याला ही गोष्ट समजायला जड जाऊ नये. जकात कुणाला द्यायची याचे आठ हक्कदार कुराणात ठरवून दिले आहेत. जकात गोळा करणाऱ्याच्या मर्जीवर ते सोडलेलं नाही. तंबाखूचा कर म्हणजे जकात नव्हे, सरकारही धार्मिक संस्था नव्हे. पण घेण्याआधी देणं ठरवावं ही पद्धत आपल्या अंगवळणी आहे, आणि नागरिक म्हणून ती मागण्यात काहीच वावगं नाही. इतरांनी हे केलंही आहे. फिलिपिन्सने 2012 च्या कायद्याने तंबाखू आणि दारूवरचे कर वाढवले आणि वाढीव उत्पन्नाचा मोठा भाग गरिबांच्या आरोग्य विम्यासाठी राखून ठेवला, तंबाखू पिकवणाऱ्या भागांसाठीही वाटा ठेवला. आपल्याकडे पान मसाल्यावर 1 फेब्रुवारीपासून जो नवा उपकर आला त्याच्या नावातच आरोग्य सुरक्षा आणि राष्ट्रीय सुरक्षा हे दोन्ही शब्द आहेत. म्हणजे ठरवून खर्च करण्याचं तत्त्व सरकारला मान्य आहे. मग तंबाखूच्या करातून रत्नागिरीच्या जिल्हा रुग्णालयात मुखकर्करोगाची नियमित तपासणी का होऊ नये? बिडी वळणाऱ्या बाईच्या मुलीची शिष्यवृत्ती पुन्हा तिच्या हक्काची का होऊ नये?

आपण काय करू शकतो

कर दिल्लीत ठरतात, आपण रत्नागिरीत बसून काय करणार, असं वाटू शकतं. पण जीएसटी परिषदेत महाराष्ट्राचा मंत्री बसतो, आणि लोकसभेत आपला खासदार. त्यांना लिहिण्यासारख्या तीन गोष्टी आहेत. बिडीवरचा कर निदान 40 टक्क्यांच्या टप्प्यात आणा. सुट्या तंबाखूची विक्री बिलाखाली आणा. आणि या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा कायद्याने तोंडाच्या कॅन्सरची तपासणी, तंबाखू सोडवणारी केंद्रं आणि बिडी कामगारांचा पर्यायी रोजगार यांना बांधून द्या. मुस्लिम म्हणून नेहमी आपल्याला ओळखीच्या प्रश्नांवर निवेदनं द्यायला बोलावलं जातं. एखादं निवेदन फुप्फुसांवरही जाऊ दे.

मोहल्ल्यात करण्यासारखंही आहे. जमातीच्या निधीतून कॅन्सरच्या ऑपरेशनला मदत होते, ती होत राहो. त्याच निधीतून नसेल तर वेगळ्या वर्गणीतून वर्षातून एकदा दंतवैद्य बोलावून बंदरावर आणि बायकांसाठी घराजवळ तोंडाची तपासणी होऊ शकते. चट्टा लवकर दिसला तर माणूस वाचतो. माझ्या मामूचा चट्टा तीन महिने मलमाखाली राहिला. मशेरीच्या डबीबद्दल नानी-दादींशी बोलायचं काम मुलींनीच करावं लागेल, आमचं त्या ऐकणार नाहीत.

आणि हा महिना वाया जाऊ देऊ नका. रोज तेरा तास ज्यांनी बिडी, तंबाखू, मशेरी यांच्याशिवाय काढले, ज्यांनी तलफ आली तरी मगरिबच्या अजानची वाट पाहिली, त्यांना आपण सोडू शकत नाही असं कुणी सांगू नये. इफ्तारला खजुरानंतर लगेच बिडी पेटवणारा माझा शेजारी मला म्हणाला, दिवसभर जमतं रे, संध्याकाळी समोर टपरी दिसते. टपरीवरची वस्तू त्याला परवडणार नाही इतकी महाग करणं सरकारच्या हातात आहे. ती तशी करा असं म्हणणं आपल्या. पुढच्या रमजानमध्ये ग्रुपवर कॅन्सरचा मेसेज येईल तेव्हा पैसे पाठवूच. पण फेब्रुवारीत कर वाढला तर त्यावर मी पुन्हा हसणार नाही.